जावईबापूंच्या मशीनीतली माणसं

रविवार, माघ वद्य षष्ठी. स्थळ धाड, माझ्या नणंदेच्या घराची ओसरी. हजर: नणंद, भिंतीपलीकडच्या घरात राहणारे तिचे थोरले दीर, त्यांची सासरहून आलेली मुलगी, माझे यजमान आणि मी. गैरहजर: जावईबापू. चार माणसं जमावीत आणि त्यांत जावईबापू नसावेत, असं या ओसरीवर पूर्वी कधी झालेलं नव्हतं. सकाळी त्यांचं वर्षश्राद्ध झालं, पाहुणे जेवून गेले, मग आम्ही घरचे मागे राहिलेल्या कामांना बसलो. कामं पाच होती. चारांपुढे मी बरोबरची खूण केली. पाचव्याचं शेवटी सांगते, कारण ते कळायला आधी जावईबापू कळायला हवेत, आणि जावईबापू कळायला त्यांची मशीन.

माणसांचा इतका लोभ असलेला गृहस्थ मी दुसरा पाहिला नाही, आणि इतका मोठा लोभ इतक्या छोट्या डबीत बसवायचा हट्ट धरलेला तर उभ्या बुलडाणा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. जावईबापू म्हणजे माझ्या यजमानांच्या धाकट्या बहिणीचे यजमान. धाडच्या बसस्टँडसमोर त्यांचं बियाण्याचं दुकान होतं. कांद्याचं बी, मिरची, वांगी, मेथी. गिऱ्हाईक बी घेऊन गेलं की व्यवहार संपतो असं इतर दुकानदार समजतात. जावईबापूंचा तिथून सुरू व्हायचा. मेथी उगवली का, उगवली तर जुडी कोणी खाल्ली, खाणाऱ्याचं पोट कसं आहे, त्याची मुलगी बारावीला होती तिचं काय झालं, हे सगळं त्यांना हवं असायचं. आठवडी बाजाराच्या दिवशी ते दुकानात कमी आणि दुकानाच्या पायरीवर जास्त असत. आम्ही बुलडाण्याहून आलो की स्टँडपासून घरापर्यंतच्या त्या एवढ्याशा वाटेवर ते इतक्या जणांशी बोलत की नणंद भाकरी टाकायची घाई कधी करत नसे.

एकदा बी आणायला जालन्याला गेले ते येताना डिजिटल डायरी घेऊन आले. तळहाताएवढी, चष्म्याच्या घरासारखी उघडणारी, आत हरभऱ्याच्या दाण्याएवढी बटणं. त्या काळात धाडात फोनसुद्धा मोजक्या घरांत होते. मोठ्या साहेबांच्या खिशात असते तीच ही, फक्त वरचं नाव वेगळं, असं विकणाऱ्याने त्यांना सांगितलं होतं, आणि ती इतकी स्वस्त होती की माझे यजमान पहिल्यांदा म्हणाले, "अरे वा, पुतणीसाठी खेळणं का?" जावईबापूंनी त्यांना त्यानंतर दोन वेळा आमच्याकडे येऊनही ती हातात दिली नाही. ते तिला डायरी म्हणत नसत. नुसतं मशीन. जणू दुकानातला वजनकाटा यंत्र नव्हता, घरचा माणूस होता.

मशीनला येत असे ते थोडंच. फोननंबर ठेवायची, चार शब्दांची आठवण लिहून घ्यायची, ठरल्या वेळी पीं पीं करायची, बेरीज-वजाबाकी करायची आणि जगातल्या मोठ्या शहरांत किती वाजले ते सांगायची. मराठी तिला येत नव्हतं. नावं इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहावी लागत, तीही आखूड. तिथी तिच्या गावी नव्हती. "एकादशी कवा हाये हे समजत नाही बिचारीले," असं म्हणत जावईबापू तिच्यावर बोट फिरवत, आणि भिंतीवरचं कॅलेंडर पाहून दर एकादशीची आठवण तिच्यात स्वतः टाकत. म्हणजे मशीनने त्यांना आठवण करून द्यायची, त्याआधी त्यांनी मशीनला. मी ऑफिसात काम करणारी बाई. शाळेची हेडक्लार्क. एकच काम दोन ठिकाणी करायचं म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडते. पण जावईबापूंचं पाहताना आठीऐवजी कुतूहलच जास्त वाटायचं, की हे गृहस्थ आता पुढे काय करणार.

एका संध्याकाळी दुकानात लाईन गेलेली. मेणबत्तीच्या उजेडात त्यांनी मशीन उघडली आणि बसलेल्या मंडळींना जाहीर केलं, "लंडनात आता दुपार होऊन राह्यली." मिरचीचं बी घ्यायला आलेला एक शेतकरी बराच वेळ विचार करून म्हणाला, "मंग तठी लाईन हाये का पाहा बरं." जावईबापूंनी खरोखर दोन-तीन बटणं दाबून पाहिली. मग खेदाने मान हलवली. "ते नाही दाखवत."

तिला कुलूपही होतं. परवलीचा शब्द टाकल्याशिवाय नावं दिसत नसत. जावईबापूंनी शब्द ठरवला आणि त्याच दिवशी समोरच्या चहावाल्याला, शेजारच्या टेलरला, घरात बायकोला, भिंतीपलीकडच्या थोरल्या भावाला, म्हणजे दादांना, आणि फोनवरून मला सांगून टाकला. मी म्हटलं, "मग कुलूप कशाला घातलं?" तर म्हणाले, "वहिनी, मी इसरलो त कोन सांगन? अन् कुलूप हाये त वापरलं पाह्यजे. नाहीतर तिले वाटन, आपल्याजवळ एवढी चीज हाये अन् कोनी इचारत नाही." पुढे बाजारच्या दिवशी ते मशीन उघडायला लागले की पायरीवरची भाजीवाली बाईसुद्धा ओरडून शब्द सांगत असे.

फोन फार थोड्यांकडे होते आणि जावईबापूंना माणसं तर सगळी ठेवायची होती. यावर त्यांनी तोड काढली. ज्याच्याकडे फोन नाही त्याच्या नावापुढे, नंबराच्या जागी, त्याच्या गावाच्या एस.टी.ची वेळ. हे आम्हाला माहीत नव्हतं. सुलतानपूरच्या एका कांदेवाल्याला निरोप द्यायचा होता म्हणून माझ्या यजमानांनी मशीनीतला नंबर उतरवून आणला आणि सकाळभर तो फिरवत बसले. शेवटी चिडून धाडला दुकानात फोन केला.

"जावईबापू, हा नंबर लागतच नाही!"

"लागन कसा भाऊ? तो नंबर नोहे, टाइम हाये. त्या गाडीनं निंगा. मानूस सुलतानपूरच्या स्टँडवरच भेटते, चहाच्या टपरीवर."

यजमान त्या गाडीने गेले. माणूस टपरीवरच भेटला. तेव्हापासून आमच्या घरात मशीनीला कोणी हसलं नाही.

पण जावईबापूंची माणसं आणि मशीनीची जागा यांचा मेळ किती दिवस बसणार? एका दुपारी ते न सांगता आमच्या दारात उभे. चेहरा पडलेला. मला वाटलं, धाडला काही बरंवाईट झालं. त्यांनी मशीन माझ्यापुढे धरली. पडद्यावर इंग्रजीत उमटलं होतं, मेमरी फुल. मी म्हटलं, "एवढंच ना? एखादं नाव काढा, नवीन टाका." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना भाडेकरूचं सामान रस्त्यावर फेकायला सांगितलं.

"असं कसं काढता वहिनी? त्या मानसाले माहीत तरी पाह्यजे."

आणि दुसऱ्या दिवशी ते धामणगाव बढ्याला गेले. तिथले एक म्हातारे, कधीकाळी वांग्याचं बी न्यायचे, आता शेती मुलांकडे देऊन बसलेले. माझे यजमान कुतूहलापोटी सोबत गेले, म्हणून जे झालं ते मला नीट कळलं. जावईबापूंनी पिशवीतून कांद्याच्या बियाची पुडी काढून म्हाताऱ्यांच्या हातावर ठेवली. पाणी झालं, चहा झाला, पाऊसपाणी बोलून झालं. मग ते ओशाळून म्हणाले, "एक सांगाचं होतं. मशीनीत जागा नाही राह्यली. तुमचं नाव काढून राह्यलो. राग मानू नका."

म्हातारे गोंधळले. आपलं नाव कुठल्या मशीनीत होतं हेच त्यांना माहीत नव्हतं. "म्हनजे आता आपलं बोलनं बंद?"

"बंद काऊन? जागा झाली का पहिला नंबर तुमचाच."

म्हाताऱ्यांनी थोडा विचार करून परवानगी दिली. जावईबापूंनी त्यांच्यासमोरच बटण दाबलं. मग म्हाताऱ्यांच्या सुनेने जेवल्याशिवाय सोडलं नाही, आणि परतीच्या गाडीत पिशवीभर वांगी होती. यजमान घरी येऊन मला म्हणाले, "काढल्याबद्दल एवढा मान मी तर कुठे पाहिला नाही."

पुढे ही रीतच झाली. नवा माणूस आला की जुना निघायचा, आणि जुन्याला निघताना जावईबापूंची भेट, बियाची पुडी, तासभर गप्पा मिळायच्या. मशीनीत होते त्यांच्याकडे महिनोन्महिने जाणं होत नसे. निघाले त्यांची मात्र चंगळ. शिवाय काढलेल्या माणसाविषयी जावईबापूंच्या मनात एक हळवेपणा राहायचा. दिवाळीला त्याला फराळाचा डबा, लग्नकार्यात त्याला जरा पुढची जागा. हे कळल्यावर बाजारात लोक त्यांना अडवून विचारू लागले, "काय राजेहो, आमाले कवा काढता?" एकाने तर तक्रार केली की त्याच्यानंतर मशीनीत आलेला माणूस त्याच्याआधी कसा निघाला.

मी एकदा विचारलंच. म्हटलं, "जावईबापू, पोस्टकार्ड टाकलं तर चालणार नाही का? इतकी वणवण कशासाठी?"

त्यांनी बराच वेळ मशीनीचं झाकण उघडमीट केलं. "वहिनी, आपल्या घरून कोनी निंगालं त आपन दारापर्यंत जातो का नाही? हा त्याच्या घरीच बसला हाये अन् माह्या घरून निंगून राह्यला. मंग मले त्याच्या दारापर्यंत जाव लागन."

हिशेब बरोबर होता. मी पुन्हा विचारलं नाही.

आता दादांविषयी. थोरले दादा म्हणजे जावईबापूंच्या स्वभावाची उलटी बाजू. कमी बोलणारे, शेतातून आले की दुकानातल्या बाकावर बसून राहणारे. त्यांची बायको मुलगी लहान असतानाच गेली. मुलीला माझ्या नणंदेने वाढवलं. नणंदेला मूलबाळ नव्हतं. दोन घरांमध्ये एक भिंत होती आणि भिंतीत येण्याजाण्यापुरतं दार, पण पोरगी कुठल्या घरातली, हे तिलाही सांगता आलं नसतं. दादांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण मशीनीत त्यांचं नाव जावईबापूंनी पहिल्याच दिवशी टाकलं होतं आणि त्या चार अक्षरांचा आकार दादांनी ध्यानात ठेवला होता. रोज संध्याकाळी बाकावर बसून ते पाठ झालेल्या बटणांनी परवलीचा शब्द टाकायचे, बाणाचं बटण दाबत एकेक नाव पुढे सरकवायचे, आपलं नाव आलं की क्षणभर थांबायचे आणि मशीन मिटून काट्याजवळ ठेवायचे. बाकी मशीनीशी त्यांचं काही काम नव्हतं.

पोरीचं लग्न ठरलं. चिखलीकडचं स्थळ, जावईबापूंनीच आणलेलं. मग व्याह्यांचा नंबर, मुलाच्या मामाचा नंबर, मंडपवाला, बँडवाला. मशीन पुन्हा भरली. व्याह्यांचा नंबर तर ठेवायलाच हवा. जावईबापूंनी सगळी नावं पाहिली, आणि त्यांना वाटलं, दादाचं नाव कशाला? दादाला फोन नाही, दादाकडे एस.टी. जात नाही, दादा खोकला तरी भिंतीतून ऐकू येतो. त्यांनी बटण दाबलं आणि दादांच्या जागी पोरीचे सासरे टाकले.

त्या संध्याकाळी दादा नेहमीप्रमाणे बाकावर बसले. नावं सरकवली. आपलं नाव आलं नाही. पुन्हा पहिल्यापासून सरकवली. मग मशीन मिटली, काट्याजवळ ठेवली आणि समोर आलेला चहा न घेता उठून गेले.

दुसऱ्या दिवशी नणंदेने भिंतीतल्या दारातून पाठवलेली भाजीची वाटी तशीच परत आली. तिसऱ्या दिवशी ते दार पलीकडून बंद झालं. आणि मग दादांनी निरोप दिला की कन्यादानाला ते दुसरं जोडपं पाहतात. कन्यादानाला जोडपं लागतं. दादा एकटे, त्यामुळे काका-काकूच बसणार हे पोर रांगत होती तेव्हापासून ठरलेलं. नणंद पहिल्या गाडीने आमच्याकडे आली. पदराने डोळे पुसायचंही तिला भान नव्हतं.

"वहिनी, तिच्या केसाले तेल मी लावलं आजवर. तिले गोवर निंगाला तवा मी उशाशी बसली. अन् तिचा हात देताना भलतीच बाई पाटावर बसन? एका नावासाठी?"

लग्न जवळ आलं होतं. आम्ही दोघं तिच्यासोबतच धाडला निघालो. दादांना दुकानात बोलावून घेतलं. ते आले, पण बाकावर बसले नाहीत. उभेच राहिले. मी विचारलं, "दादा, नेमकं झालं काय?"

"ताई, हा धामनगाव बढ्याले गेला," दादा माझ्याकडे पाहत म्हणाले, भावाकडे नाही. "सुलतानपूरले गेला. ज्याच्याशी नातं ना गोतं, त्याच्या घरी गाडीनं जाऊन सांगून आला का बाबा, तुले काढून राह्यलो. मी भितीच्या पल्याड. मले सांगाले याले पाय नव्हते?"

"दादा, घरच्या मानसाले काय सांगाचं?" जावईबापू म्हणाले.

"घरचा होतो त काढलं काऊन?"

जावईबापू एका पुडीची दोरी सोडून पुन्हा बांधू लागले. ऑफिसातल्या कामांचा निकाल लावायची मला सवय. मी म्हटलं, "काढलं ना? मग परत टाकून द्या, मिटलं." तर दोघे भाऊ एकाच वेळी माझ्याकडे वळले, आणि पहिल्यांदाच त्यांचं एकमत दिसलं. दादा म्हणाले, "टाकून काय होते, ताई? सांगतलं नाही ते नाहीच सांगतलं ना." आणि जावईबापू खाली मान घालून पुटपुटले, "बराबर हाये."

दादा निघून गेले. जावईबापू पायरीवर बसून राहिले. आमची परतीची गाडी लागली तेव्हा ते एकदम उठले, खुंटीवरची पिशवी घेतली आणि आमच्यामागून गाडीत चढले. नणंद दारातून पाहत होती. मला वाटलं, आता हे आमच्याकडे चार दिवस तोंड लपवून राहणार. बुलडाण्याला उतरलो, घरी आलो. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. ते पाणी प्यायले आणि म्हणाले, "वहिनी, धाडची गाडी कवा हाये?"

"अहो, आत्ता तर आलात!"

"हाव. आता जातो. दादाकडं जाचं हाये."

सांगायला जायचं तर गाडीनेच, हा त्यांचा हिशेब मला कळला तो बुलडाण्याच्या स्टँडवर शिरताना, कारण अर्थात मी पर्स उचलून त्यांच्यामागे निघाले होते. ही गोष्ट ऐकीव ठेवायची माझी तयारी नव्हती. गाडीला तोबा गर्दी. मला एका बाईने जागा दिली. जावईबापूंनाही एकाने ओळखून सरकून जागा करून दिली, पण त्यांनी ती नाकारली आणि दांडी धरून उभेच राहिले. धाडला उतरले, आपल्या दुकानासमोरून गेले आणि दुकानाकडे पाहिलं नाही. चहावाल्याने हाक मारली, थांबले नाहीत. स्वतःच्या घरावरून गेले. दारात नणंद उभी होती. तिच्याकडेही न पाहता पुढे गेले आणि दादांच्या दाराशी येऊन चपला काढल्या.

"दादा, हाव का घरी?"

आतून आवाज आला, "कोन हाये?" भावाचा आवाज त्यांनी ओळखला नसेल असं होणं शक्य नव्हतं.

"मी. बुलडान्याहून आलो."

आत सतरंजी झटकल्याचा आवाज झाला. मग दादा दारात आले. भावाच्या हातातल्या पिशवीकडे, धुळीने भरलेल्या पायांकडे पाहिलं आणि जन्मात प्रथम धाकट्या भावाला अहोजाहो करत म्हणाले, "या. बसा."

जावईबापू सतरंजीच्या कडेला पाहुण्यासारखे बसले. पोरगी पाणी घेऊन आली, ओढणीचं टोक दातांत धरून. तिला हसू येत होतं की रडू, मला ठरवता आलं नाही. जावईबापूंनी पिशवीतून कांद्याच्या बियाची पुडी काढून पुढे ठेवली. ज्या कांद्याचं बी होतं तो दादांच्याच शेतातला. दादांनी पुडी उचलून नीट पाहिली आणि बाजूला ठेवली.

"काय काम काढलं?"

"सांगाचं होतं. मशीनीत जागा नव्हती. बाईच्या सासऱ्याचा नंबर ठेवाचा होता. तुमाले काढलं."

"बरं केलं. सासऱ्याचा पाह्यजेच." दादांनी बाजूची पुडी पुन्हा जवळ ओढली. "गाडीले गर्दी होती?"

"लय होती."

"बसाले भेटलं?"

"नाही. बुलडान्यापासून उभाच आलो."

दादांनी पहिल्यांदा भावाच्या तोंडाकडे पाहिलं. "उभा आला?"

"हाव."

"मंग नीट बस न बे, भितीले टेकून," दादा म्हणाले. "बाई, चहा ठेव वं तुह्या काकाले." आणि स्वतः उठून भिंतीतल्या दाराची कडी काढली. दाराला कान लावून उभी असलेली नणंद जवळजवळ आतच पडली.

कन्यादानाला तीच बसली. फक्त मुहूर्ताच्या वेळेला मशीन वाजावी म्हणून जावईबापूंनी ती लावून ठेवली होती, आणि मशीन घाईत निघाली. मंगलाष्टकं चालू असतानाच पीं पीं झालं आणि अर्ध्या मांडवाने अक्षता टाकून दिल्या. भटजींनी उरलेल्या अर्ध्यांवर मुहूर्त साधला.

लग्नानंतर जावईबापूंनी दादांचं नाव परत घातलं. त्यासाठी काढायचं कोणाला, तर त्यांनी स्वतःच्या दुकानाचा नंबर काढला. मी थट्टेने म्हटलं, "मग स्वतःला सांगितलंत का?" ते गंभीरपणे म्हणाले, "सांगतलं ना. सकाळी दाढी करताना." याचा परिणाम असा झाला की आपल्याच दुकानाचा नंबर ते विसरले. कोणी विचारला की बाकाकडे तोंड करून ओरडायचे, "दादा, आपला नंबर?" आणि ज्यांनी उभ्या जन्मात घरी फोन घेतला नाही ते दादा एका दमात तो म्हणून दाखवायचे. बुलडाण्याला काही कामाला आले की दादा स्टँडवरच्या बूथवरून दुकानात एक फोन करायचे. मी एकदा शेजारी उभं राहून ऐकला. "लहान्या, हायेस का?" पलीकडून "हाव" आलं असावं. दादांनी फोन ठेवला. बस एवढंच बोलणं.

गेल्या माघात, याच तिथीला, जावईबापू दुकानात बसल्या बसल्या गेले. दादा समोरच्या बाकावर होते. मशीनीचा पडदा त्याआधीच विझला होता. तिचे सेल आता कुठे मिळत नाहीत. नणंदेने ती कपाटात कापडात गुंडाळून ठेवली आहे.

तर कामं पाच होती. दुकानातलं उरलेलं बियाणं कंपनीला परत करणे, झालं. परवाना रद्द करणे, झालं. वजनकाटा पुतणीच्या सासरी देणे, झालं. दुकानाची किल्ली चहावाल्याकडून परत घेणे, झालं. पाचवं, दुकानाचा फोन बंद करणे. बंद दुकानात फोन चालू ठेवण्यात अर्थ नाही. समोरचा चहावाला सांगतो, शटरमागे तो कधीमधी वाजतो. बहुतेक दादा बुलडाण्याला गेलेले असतात त्या दिवशी. अर्ज मीच लिहिला आहे, नणंदेची सही झाली आहे. टेलिफोन ऑफिसात नेऊन देण्याचं काम दादांकडे. ते मागच्या दिवाळीपासून त्यांच्याकडेच आहे.

आज मी पुन्हा अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी घडी घालून खिशात टाकला. जरा वेळाने बाहेर काढला, मांडीवर सरळ केला आणि माझ्याकडे सरकवला.

"ताई, फोन काढाले माही ना नाही," ते म्हणाले. "पन काढाच्या आधी लहान्याले जाऊन सांगाव लागन ना."

भिंतीतलं दार उघडंच होतं.

"तुमाले गाड्याचे टाइम माहीत असतात," दादा म्हणाले. "कोन्या गाडीनं जाऊ, तेवढं पाहून द्या."

अर्ज माझ्या पर्समध्ये आहे. पाचवं काम बाकी.